पारदर्शक चिलखताची कुळकथा

अलास्कासारख्या मुलखात नव्या पिकअप ट्रकच्या दर्शनी भागावर व चाकांमागील पत्र्यावर जो पारदर्शक पापुद्रा मोठ्या काळजीने चिकटविला जातो, त्याचे मूळ मोटारींच्या कारखान्यात सापडत नाही. ते शोधू जाता आपण व्हिएतनामच्या रणभूमीवर, आणि तेथूनही मागे एका जर्मन रसायनशाळेत जाऊन पोहोचतो.

ज्या आपत्तीवर हा उपाय निघाला, ती मात्र रस्त्याइतकीच जुनी आहे. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ला मागे हौदा जोडून कारखान्यातूनच पिकअप विकावयास काढला, तेव्हा वाहनांचा वेग बेताचा असल्याने खडीचा जाच सोसण्याजोगा होता. पुढे पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९४२ च्या मार्चमध्ये, अमेरिकन लष्कराने डॉसन क्रीकपासून अलास्कापर्यंतच्या सुमारे २,७०० किलोमीटर रस्त्याचे काम हाती घेतले व त्याच नोव्हेंबरात तो रीतसर खुला केला. १९४८ मध्ये सर्वसामान्य प्रवाशांनाही त्यावरून जाण्याची मुभा मिळाली. १९७४ मध्ये तेलवाहिनीच्या बांधकामासाठी उत्तरेकडे ६६६ किलोमीटरचा डाल्टन मार्ग झाला, आणि त्याचा बराच भाग आजही खडीचाच आहे. अशा मार्गांवर समोरून येणारा अवजड ट्रक नाकावर दगड भिरकावतो, तर आपलीच चाके पायदानाखालच्या पत्र्यावर आणि हौद्याच्या पुढील कडेवर खडीचा मारा करतात. दुसऱ्या शत्रूचा बंदोबस्त रबरी मडफ्लॅपने बऱ्याच अंशी होतो. पहिल्यासाठी दिव्यांपुढे व रेडिएटरपुढे जाळी बसविण्याची तजवीज झाली. परंतु अवघे बॉनेट जाळीआड ठेवणे शक्य नसल्याने रंग उघडाच राहिला.

हे नुकसान केवळ शोभेचे नव्हे. कारखान्यातील रंगाचे सर्व थर मिळून जाडी जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन. त्याचा टवका उडून पोलाद उघडे पडले, की गंज आजूबाजूच्या रंगाखालून पसरत जातो. त्यात डाल्टन मार्गावर धूळ बसविण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड पसरतात, आणि त्याचा चिखल पत्र्याला चिकटून गंजाचे काम अधिकच सोपे करतो.

या पापुद्र्याचे द्रव्य, म्हणजे पॉलियुरेथेन, १९३७ च्या सुमारास लेव्हरकुसेन येथे ओट्टो बायर या रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढे व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरांच्या फिरत्या पात्यांची पुढील धार धूळ-वाळूने झिजू लागली, तेव्हा वजनाने हलके, सहज बदलता येणारे आणि पात्यांच्या गतीत व्यत्यय न आणणारे आवरण हवे झाले. ‘थ्रीएम’ कंपनीने पॉलियुरेथेनची चिकटपट्टी देऊन ती गरज भागविली. युद्धानंतर हीच पट्टी शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर आली, आणि तिची पारदर्शकता व टिकाऊपणा सुधारल्यावर सामान्य ग्राहकाच्या वाहनावरही दिसू लागली. आज तिची जाडी साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे तिच्याखालील रंगाहूनही काहीशी अधिक असते.

या पापुद्र्याचे सामर्थ्य त्याच्या कठीणपणात नसून नरमाईत आहे. कठीण रंगावर दगड आदळला की आघाताची सारी शक्ती एका बिंदूवर एकवटते आणि थर फुटतो. पॉलियुरेथेन मात्र क्षणभर दबून तो आघात विस्तृत क्षेत्रावर पसरविते आणि पुन्हा पूर्ववत होते. तथापि मोठा दगड वेगाने आला तर तेही फाटते, हे विसरता कामा नये. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दगड व वाहन यांचा सापेक्ष वेग निम्मा झाला तर तडाखा एक चतुर्थांशावर येतो. सबब ज्या वाहनमालकास आपला पत्रा प्रिय असेल त्याने मडफ्लॅप लावावे, पापुद्रा चढवावा, प्रवासानंतर चिखल धुऊन काढावा. परंतु समोरून ट्रक येताना दिसताच प्रथम वेग कमी करावा, कारण त्याला दमडीही पडत नाही.