मास्तर, दस्त आणि १८८२ चं एक निवेदन

माझ्या पीएचडीच्या प्रपोजलचं पहिलं वाक्य होतं: 'आर्थिक साक्षरता हा शालेय शिक्षणातला नवीन विषय आहे.' गाईड मॅडमनी 'नवीन' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "म्हणजे कधीपासून?" मी एमएस्सी गणित करून शिक्षणशास्त्राकडे आलेला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही पोस्ट त्या एका रेघेबद्दल आहे.

आजचं चित्र तुम्हाला माहीत असेल. बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक, आयकर. दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी. शिकवायचं कोणी? गणिताच्या शिक्षकांनी. माझं काम मुळशी तालुक्यातल्या शिक्षकांसोबत चाललंय. हिंजवडी याच तालुक्यात येतं, त्यामुळे जमीन विकून एकरकमी आलेला पैसा हा इथे पुस्तकातला विषय नाही. २०१८ चा 'मुळशी पॅटर्न' तुम्ही पाहिला असेल, तर फार सांगायला नको.

इथले एक सर मला म्हणाले, "एसआयपीचं गणित मी सोडवून देतो हो. पण पोरगं विचारतं, सर, आमचे जमिनीचे पैसे कुठे ठेवायचे? मी काही सांगितलं आणि बुडाले, तर त्याचा बाप कोणाच्या दारात येईल?"

आता मागे जाऊ. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शाळेत वाचतो. लक्षात घ्या, दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता, कागदांवर. जो कागद वाचता येत नाही त्यावर अंगठा उठवलेला, आणि त्याच कागदाच्या जोरावर कोर्टात जमीन गेलेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात एक तरतूद अशी की शेतकऱ्याचा दस्त गावपातळीवरच्या निबंधकासमोर, म्हणजे रजिस्ट्रारसमोर, लिहिला जावा.

यानंतर तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. आपण ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी वाचतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना अडकलो. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितलाय. सावकाराचा कागद मोडीतच असायचा, त्यामुळे मोडी आणि हिशेब शेजारी-शेजारी येणं मला तरी योगायोग वाटत नाही. (हा माझा अर्थ, निवेदनात असं लिहिलेलं नाही. असा फरक तुमच्या नोट्समध्येही ठेवा.)

पण खरी गंमत पुढे आहे. फुले शिक्षकाबद्दल बोलतात. तो शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, लोकांत मिसळणारा, प्रशिक्षित. पगार १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ किंवा २०. आणि त्याला गावाच्या कारभारात जागा द्या: गावचे हिशेब तपासणारा, दस्त नोंदवणारा, पोस्टमास्तर किंवा स्टॅम्प विकणारा म्हणून. म्हणजे गावातला पैशाचा कागद ज्याच्या हातून जातो, तोच शाळेत हिशेब शिकवणार! त्याने शिक्षकाचा मान वाढेल, असं त्यांचं म्हणणं. फुले प्राथमिक शाळेबद्दल बोलत होते, माझा विषय माध्यमिक आहे. ही फट मी प्रबंधात लपवणार नाही, तुम्हीही असल्या फटी लपवू नका.

आता मुळशी. १६ एप्रिल १९२१ ला टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचा चेहरा झाले. राजेंद्र व्होरांचा या लढ्यावरचा अभ्यास वाचा, नक्की वाचा. बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांच्या नावावर होत्या. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला चालणार होता, आणि तिथेच लढ्यात फूट पडली. इथे मोह होतो: 'हिशेब शिकवला असता तर...' असं लिहायचा. नका लिहू. कागद वाचता आला असता म्हणून धरण थांबलं नसतं. भूसंपादन कायदा सरकारच्या हातात होता. इतकंच म्हणता येतं की मोबदल्याचा पैसा कोणाकडे जाणार, हे आधीच्या कागदांनी बरंचसं ठरवून ठेवलं होतं.

मग बदललं काय? अभ्यासक्रमात आज फुल्यांनी मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशन शिक्षकांसाठी प्रशिक्षणही घेतं. पण प्रशिक्षण संपल्यावर सर वर्गात पुन्हा एकटेच. बँक, तलाठी, दुय्यम निबंधक, पोस्ट ही सगळी माणसं तालुक्यात आहेत. शाळेशी त्यांचा संबंध दाखल्यापुरता.

प्रपोजलमधलं पहिलं वाक्य मी काढून टाकलं. प्रश्नावलीतला चौथा प्रश्न होता, 'अर्थनियोजन शिकवण्यासाठी आपल्याला पुरेसं ज्ञान आहे का?' सगळ्यांनी 'हो' वर टिक केली होती. आता तिथे लिहिलंय, 'विद्यार्थ्याने घरच्या पैशाबद्दल विचारलं आणि आपल्याला सांगता आलं नाही, तर आपण कोणाला विचारता?' खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्यात. परत आलेल्या पहिल्या सहा फॉर्मपैकी चारांवर त्या कोऱ्याच आहेत.