पैठणीभोवती दिवाणखाना

दिवाणखान्याची सजावट बदलताना आधी भिंतींचा रंग, मग सोफा आणि शेवटी शोभेची वस्तू, असा क्रम सहसा असतो. घरात आजीची पैठणी जपलेली असेल, तर हा क्रम उलटा करावा आणि तिच्या पदरालाच सजावटीचे सूत्र मानावे.

अनेक पैठण्यांत ताण्याचा व बाण्याचा रंग वेगळा असतो. त्यामुळे पाहण्याची दिशा बदलली की छटा बदलते. ही धूपछाव उठून दिसण्यासाठी भिंती मोतिया किंवा फिकट मातकट असाव्यात. काठाचा रंग उशांचे अभ्रे आणि गालिच्याची किनार यांपुरताच घ्यावा. जरीला पितळी समई व सागवानी लाकूड यांची साथ पुरेशी होते. पदरावरील मोर वा आसावली पडद्यांवर पुन्हा नको. त्याने मूळ नक्षीच झाकोळते.

जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. प्रकाशाने रेशीम विटते, ठिसूळ होते आणि ही हानी कधीच भरून येत नाही. म्हणून ऊन येणारी भिंत टाळावी, तसेच पावसाळ्यात ओल धरणारीही. संग्रहालयांत अशा वस्त्रांवर साधारणतः 50 लक्स इतकाच प्रकाश ठेवतात.

चौकटीसाठी साडी कापू नये. पदर दर्शनी ठेवून तो धुतलेल्या सुती कापडावर हलक्या टाक्यांनी बसवावा आणि उरलेली साडी मागे सैल गुंडाळावी. गोंद व टाचण्या वर्ज्य. काच कापडाला टेकू देऊ नये. काही महिन्यांनी पैठणी उतरवून मलमलीत गुंडाळून अंधारात ठेवावी.