'भारत एक खोज' आणि आमचा नगरचा किल्ला

श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही 53 भागांची मालिका 1988 साली दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा नगर जिल्ह्यातली आमची मुस्लीम मराठी पिढी शाळेत शिकत होती. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर आहे, जुन्या सवयीने आम्ही इथे नगरच म्हणतो.) मोहल्ल्यात एखादाच टीव्ही असे. त्याच सुमारास 'महाभारत'ही सुरू झाले होते. त्याला घर उंबऱ्यापर्यंत भरून जाई. 'खोज'ला मात्र आम्ही चार-सहा पोरे तेवढी उरत असू. आता पन्नाशीच्या आसपास पोहोचल्यावर आम्ही ती सारी मालिका मोबाईलवर पुन्हा पाहिली.

लहानपणी एक अभिमान होता. ज्या पुस्तकावर ही मालिका बेतली, ते नेहरूंचे पुस्तक आमच्या किल्ल्यात लिहिले गेले. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना इथे आणून ठेवले होते. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत नेहरूंनी ते लिहून काढले. प्रस्तावनेत त्यांनी चार सोबत्यांचे विशेष ऋण मानले आहे : मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली. 'भारताचा शोध' चालू असताना त्या खोल्यांतून कोणाकोणाशी चर्चा झडत होती, हे या नावांवरून कळते.

पण आम्हाला मालिकेचा लळा लागला तो दुसऱ्याच कारणाने. शाळेत अफजलखानाचा धडा आला की वर्गातल्या माना आमच्याकडे वळत. औरंगजेब तर जणू आमच्याच घरी जेवून गेलेला! रविवारी मात्र वेगळेच घडे. ओम पुरी शांत, भारदस्त आवाजात इतिहास सांगत आणि तेच ओम पुरी कधी अशोक होत, कधी अल्लाउद्दीन खिलजी, कधी औरंगजेब. तेव्हा आम्हाला वेशांतराची गंमत वाटे. आज वाटते, बेनेगलांनी फार मोठी गोष्ट सहज करून टाकली. अशोक आणि औरंगजेब यांना एकच चेहरा दिल्यावर पाहणाऱ्याला दोघांकडेही माणूस म्हणून पाहावे लागते. औरंगजेबाचे दोष झाकलेले नाहीत, पण तो राक्षसही नाही. आणि शिवाजी महाराज कोणी साकारले? नसीरुद्दीन शाह यांनी. आमच्या गल्लीत तरी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आज ते भाग पाहताना सर्वांत जास्त आठवते ती ही शांतताच.

उणीवही आता दिसते. 1490 साली मलिक अहमदने वसवलेल्या या शहराच्या निजामशाहीला मालिकेत स्वतंत्र भाग नाही. 1565 मध्ये विजयनगर पाडणाऱ्यांत हुसेन निजामशाह होता. तेवढ्यापुरता नगरचा संबंध. अकबराच्या फौजेपुढे 1595-96 मध्ये किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीची आठवण खुद्द नेहरूंनी पुस्तकाच्या आरंभीच काढली आहे. हबशी गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाही तोलून धरणाऱ्या मलिक अंबरचा स्वतंत्र भाग हवा होता. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला मालोजीराजांनी नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा इथे अजून सांगितली जाते. शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावात आमच्या गावचा एक पीर आहे, हे पडद्यावर आले असते तर वर्गातल्या त्या माना कदाचित वळल्या नसत्या.

एक नगरकर मात्र मालिकेत ठसठशीत भेटतो. सदाशिव अमरापूरकर यांनी महात्मा फुले उभे केले. मिस फॅरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. त्यांची भूमिका नगरच्याच नटाकडे जावी, हा योग छान जुळला.

त्याच किल्ल्यात दुसरेही एक पुस्तक जन्मले, आणि त्यावर अशी मालिका कोणी केली नाही. ते म्हणजे मौलाना आझादांचे 'गुबारे खातिर'. हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण तुरुंगातून पाठवता न आलेली ही पत्रे 1946 मध्ये छापली गेली. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत, नगरचा इतिहास आहे. चांदबीबीच्या काळातल्या चीताखान नावाच्या हबशी किल्लेदारावरून मौलानांनी तुरुंगाधिकाऱ्याचे नाव 'चीताखान' ठेवले आणि सारे कैदी त्याला तेच म्हणू लागले. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात बेगम झुलेखा अखेरच्या घटका मोजत होत्या. सरकारला काही कळवायचे असेल तर पोहोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सांगून पाहिले. मौलानांनी इंग्रजांकडे अर्ज केला नाही. बेगम गेल्याची बातमी त्यांना याच किल्ल्यात मिळाली.