करंडा, कुयरी आणि फणेरपेटी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटानं वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटल्या. दहा-दहा रुपयांच्या, झाकण फिरवायच्या. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बायांनो, डबी चांगलीये, पण हिच्यात ठेवायचं काय?" आम्ही हसलो खरं, पण गोष्ट डोक्यात राहिली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली जुनी डबी, पेटी, करंडा, जे असेल ते आणायचं ठरलं.

त्या दिवशी सतरंजीवर लाकडाचे तीन करंडे आले, पितळेची एक कुयरी आली, एक फणेरपेटी आली आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे तर किती आले ते मोजलेच नाहीत. दोघीजणी रिकाम्या हातानं आल्या. एकीच्या सासूनं, दुसरीनं स्वतःच, स्टीलची पातेली घेताना जुनं पितळ मोडीत घातलं होतं. त्यात कुयरीही गेली. मोडीवाला नक्षीचे पैसे देत नाही, वजनाचे देतो.

आता करंड्यापासून सुरुवात करू. करंडा आणि करंडी, शब्द एकाच घरचे. संस्कृतात 'करंड' म्हणजे बांबूची विणलेली टोपली किंवा झाकणाची पेटी. म्हणजे सजवलेल्या डबीचं मूळ सोनाराच्या दुकानात नाही, बुरुडाच्या अंगणात आहे. बांबूच्या कामट्या सोलून विणणाऱ्या बाईचा हात त्यात पहिला. पुढं तोच शब्द लाकडाला, दगडाला, सोन्यालाही लागला.

सोन्याच्या करंड्याची एक खरी हकिकत सांगतो. आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईजवळ नालासोपाऱ्याला मातीचा एक मोठा उंचवटा होता. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तर आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडाची मोठी गोल पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा, सोन्याच्या फुलांसह. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय असावं? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते जिवापाड जपले होते. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडेही आईनं बाळाची पहिली जावळं चांदीच्या डबीत ठेवलेली असतातच की.

लाकडी करंडा घडवणारा तो कातारी. लाकूड कातावर, म्हणजे फिरत्या साच्यावर लावायचं. पूर्वी मोटर नव्हती, दोरी गुंडाळलेल्या कमानीनं एकजण लाकूड फिरवायचा आणि दुसरा पटाशी धरायचा. आतून पोकळ, बाहेरून घुमटासारखं आणि झाकण असं बसायचं की उलटं धरलं तरी कुंकू सांडत नाही. मग रंग. रंग कुंचल्यानं नाही लावायचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा बसतो, त्याची लाख काढून तिच्यात रंग मिसळून कांडी करायची. फिरत्या लाकडावर ती कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. शेवटी केवड्याच्या पानानं घासलं की आरशासारखी चकाकी येते. लाल-पिवळे पट्टे असलेला करंडा तुमच्या घरी असेल तर तो निरखून बघा. रंगाचा पापुद्रा निघत नाही, कारण तो वरून फासलेला नसतो, लाकडावर वितळवून बसवलेला असतो.

ही कला आजही नावारूपाला आहे ती कोकणात, सावंतवाडीला. तिथले चितारी लाखेच्या रंगात लाकडी फळं, पाट, डबे करतात आणि गंजिफाही. गंजिफा म्हणजे खेळायची गोल पानं. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, अशी 120 पानं असतात, आणि ती ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी, तिला सरकतं झाकण. मधल्या काळात ही कला संपल्यातच जमा होती. सावंतवाडीच्या राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चितारी कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीनं जमिनीवर बसून कुंचला धरला, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. कारण हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाच्या नावावर होता, आणि घरातल्या बाईनं लाख कुटली, रंग घोटला तरी कारागीर म्हणून तिचं नाव कुणी घेतलं नाही.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडं येऊ. आपल्याकडं धातूचा हात फार जुना. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ओतीव धातूची भरीव चित्रं सापडली, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट. अलीकडचं म्हणाल तर इंग्रजांच्या काळातही लुगड्यांबरोबर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नगर शहराचं नाव होतं. तांब्याचा तो तांबट, कांशापितळेचा तो कासार. पाथर्डी तालुक्यातल्या कासार पिंपळगावच्या नावातच हा धंदा बसलाय.

कुयरी म्हणजे कैरीच्या आकाराची डबी. हळदीला एक कप्पा, कुंकवाला एक, कधी मधे मोर, कधी धरायला कडी. पितळेचा पत्रा तापवून मऊ करायचा, लाकडी मोगरीनं ठोकून खोलगट करायचा, तुकडे झाळून जोडायचे. नक्षी उठवायची तर पोकळीत राळ भरायची, म्हणजे ठोकताना पत्रा फाटत नाही, आणि वरून बारीक छिन्नीनं पानं-फुलं काढायची. काम झालं की तापवून राळ ओतून टाकायची. आमच्या सतरंजीवरच्या कुयरीला चिंच लावून घासली तर झाकणावर पोपट निघाला. मालकीण म्हणाली, "अगं बाई, मी तीस वर्षं हिला साधी समजत होते!"

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असल्या वस्तू पाहायला मिळतात. करंडे, फण्या, वज्र्या, अडकित्ते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जुन्या वाड्यांतून, बाजारांतून त्या गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. सहल काढणार असाल तर दोन तास हाताशी ठेवून जा.

राहिली फणेरपेटी. लाकडाची, हातभर नाही, वीतभर. झाकणाच्या आत आरसा, उघडलं की तो तिरपा उभा राहतो. आत फणी, काजळाची डबी, कुंकवाचा करंडा आणि मेण. आधी कपाळाला मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कुंकू, म्हणजे घामानं ओघळत नाही. पुढं गोंदाच्या टिकलीचं पाकीट आलं आणि मेणाबरोबर पेटीही माळ्यावर गेली. पण बाईसाठी ती नुसती शृंगाराची पेटी नव्हती. घर सासऱ्याचं, शेत नवऱ्याचं, स्वयंपाकघर सासूचं. किल्ली तिच्याकडं असलेली घरातली एकच वस्तू ही. आरशामागं चार आणे, माहेरचं पत्र, मोडलेल्या नथीचा मोती असं काहीबाही त्यात असायचं.

आणि म्हणूनच नवरा गेला की आधी ही पेटी हातातून जायची. बैठकीला फणेरपेटी आणणाऱ्या ताई आमच्यातल्या विधवा आहेत. नवऱ्याच्या दहाव्याला त्यांची पेटी कुणीतरी उचलून माळ्यावर टाकली. त्यांना कुणी विचारलं नाही. त्या सांगत होत्या तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी खाली बघत होत्या, कारण आम्हीही हळदीकुंकवाला त्यांना कधी बोलावलं नव्हतं.

आणि राहतो कुठल्या जिल्ह्यात? जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाईंच्या. त्या विधवा झाल्या 1754 साली, आणि त्यानंतर त्यांनी 28 वर्षं राज्य चालवलं. त्यांचं नाव आज जिल्ह्याला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात तसा ठराव झालाय का, ते ग्रामसेवकाला विचारा. आमच्या गावात झाला नव्हता, आता आम्ही अर्ज दिलाय.

त्या ताईंच्या पेटीची बिजागरी गंजली होती, ती आमच्या गावातल्या सुतारानं बदलून दिली. मेणाचा खडा झाला होता, तो त्यांनी टाकला नाही. आरसा कडेनं काळा पडलाय, पण मधे चेहरा दिसतो. पेटी आता गटाच्या बैठकीला येते. तिच्यात बचतीची पासबुकं असतात, शाईचा पॅड असतो आणि करंड्याच्या कप्प्यात करंडाच असतो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तो करंडा घेऊन दारात त्याच उभ्या राहणार आहेत.