कापरेकर गुरुजींचं ६१७४ अन् मोबाईलवरचा गृहपाठ
खराडी : एकेकाळी हवेली तालुक्यातलं गाव, आता महापालिकेत. गणित अडलं की वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, दोन मिनिटांत उत्तर हजर. पण नुसतं उतरवून घेणाऱ्या पोराजवळ परीक्षेत मोबाईल नसतो.

त्यापेक्षा ग्रुपवर हे कोडं टाका. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेलं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढं कितीही करा, ६१७४ च. कुठल्याही संख्येला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. मधलं शून्य मात्र सोडायचं नाही, पोरं तिथंच चुकतात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठं गुरुजींचं नाव जगभर झालं.

गृहपाठाची मदत मागतानाही केलेल्या पायऱ्यांसकट फोटो पाठवावा, कुठं अडलं ते लिहावं. सांगणाऱ्यानं पुढची एकच पायरी सांगावी. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला की धड्याचं साहित्य मिळतं. ते आधी बघावं.