एका पायावरचा बासरीवाला

बासरी म्हटली की आपल्याला दशावतारातला कृष्ण आठवतो. मला त्याच्यासोबत आणखी एक जण आठवतो: रॉक मंचावर एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा, 'जेथ्रो टल' या बँडचा इयन अँडरसन.

जन्म १९४७, स्कॉटलंड. गिटारमध्ये एरिक क्लॅप्टनची बरोबरी होणार नाही हे ओळखून त्याने १९६७ मध्ये गिटार देऊन धातूची पाश्चात्त्य बासरी घेतली. गुरू कोणी नाही. ऐकून ऐकून शिकला. 'अ‍ॅक्वालंग'मुळे (१९७१) जगभर नाव झालं. पुढे त्याने सॅमन माशांची शेतीही केली, हे मालवणकरांसाठी खास!

१९९०च्या दशकात त्याची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा आपली बोटं चुकीची पडतात हे त्याला उमगलं. चाळिशी उलटलेला तो नामवंत पुन्हा पहिल्यापासून शिकला. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, ५ डिसेंबर २००८ रोजी, मुंबईत पीडितांच्या मदतीसाठी त्याने अनुष्का शंकर यांच्यासह कार्यक्रम केला. तिथे वाजली ती नव्याने शिकलेली बोटं.

मित्रमैत्रिणींनो, आपणही चाळिशीपार. सॉफ्टवेअरमध्ये मी आजही पंचविशीतल्या सहकाऱ्यांकडून शिकते. पाटी पुसून पुन्हा लिहायला लाजायचं नाही, हे आपल्या गुरुजनांनीच तर शिकवलंय.