एस्केप सीक्वेन्सचे रंगांकन

टेक्स्ट एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहिताना अवतरणातील विशेष चिन्हजोड्या वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय. अशी जोडी बहुधा बॅकस्लॅशने (\) सुरू होते. सी भाषेत बॅकस्लॅशपुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. अवतरणचिन्ह आले तर ते मजकूर संपवत नाही, मजकुराचाच भाग होते. डोळ्यांना दोन चिन्हे दिसतात, कंपायलर एकच वाचतो. हा फरक रंगामुळे उघड होतो. रंग फक्त पडद्यावर असतो. फाइलमध्ये त्याची नोंद होत नाही.

बॅकस्लॅश आस्की संकेतावलीत आला तो बॉब बेमर यांच्या प्रयत्नाने. अल्गॉल भाषेतील ‘आणि’ व ‘किंवा’ची चिन्हे दोन तिरक्या रेघा जोडून लिहिता यावीत, हा त्यामागचा हेतू. सीच्या आधीच्या बी भाषेत एस्केपचे काम तारकाचिन्ह करी. डेनिस रिची यांच्या सी भाषेत ते बॅकस्लॅशकडे आले.

या रंगाची खरी किंमत चूक होते तेव्हा कळते. विंडोजमधील टेम्प फोल्डरचा पत्ता पायथनमध्ये साध्या अवतरणात लिहिला, तर बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो आणि फाइल सापडत नाही. एरवी तासभर शोधावी लागणारी ही चूक, त्या दोन चिन्हांचा रंग पालटला की टाइप करतानाच नजरेत भरते. लागोपाठ दोन बॅकस्लॅश आणि पुढे एन असेल, तर पहिली दोन चिन्हेच रंगायला हवीत आणि एन साध्या मजकुराच्या रंगात राहायला हवा, कारण तिथे नवी ओळ नाही. एडिटर डावीकडून जोड्या लावत आला नाही, तर नेमका इथे चुकतो. चुकीचा रंग हा रंग नसण्यापेक्षा वाईट.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कामासाठी आयबीएममधील माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये केलेला लेक्स हा मजकुराची रचना रंगांनी दाखवणारा एक आरंभीचा एडिटर. व्हिममध्ये रंगांकन १९९८ च्या ५.० आवृत्तीत आले. व्हिम आणि टेक्स्टमेट हे एडिटर एस्केपच्या जोड्या रेग्युलर एक्स्प्रेशनने ओळखतात. व्हीएस कोडही टेक्स्टमेटच्याच पद्धतीची व्याकरणे वापरतो. ट्री-सिटर हे साधन मात्र संपूर्ण प्रोग्रॅमचा रचनावृक्ष बांधतो.

देवनागरी मजकुरापुढे रंगांकनाचा हा उपाय तोकडा पडतो. पायथनचे जेसन मॉड्यूल मूळ मांडणीत प्रत्येक देवनागरी चिन्ह बॅकस्लॅश, यू आणि चार अंकी षोडशमान संकेत असे लिहिते; ‘ठ’चा संकेत ०९२०. त्यामुळे काना-वेलांटीसह पाच चिन्हांचा ‘मराठी’ हा शब्द तीस चिन्हांचा होतो. सगळीच चिन्हे एस्केपची, म्हणून सगळी ओळ एकाच रंगाची, आणि शब्द कोणता ते कळत नाही. जेसन फाइल यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरी सरळ लिहिता येते. त्यासाठी पायथनमधील एन्शुअर-आस्की हा पर्याय बंद करावा लागतो.